बाहुलीमापन

बाहुलीमापन : डोळ्याच्या बाहुलीच्या व्यासात क्षणोक्षणी होणारे बदल मोजून त्यांवरून मनाला पडणाऱ्या श्रमांचा अंदाज घेण्याची प्रायोगिक मानसशास्त्रातील एक पद्धती. उजेड आणि नजरेचे अंतर स्थिर ठेवले असता, मनुष्य मनातल्या मनात हिशेब करू लागला, आकडे ध्यानात धरू लागला किंवा अस्पष्ट बोलणे कान देऊन ऐकू लागला, की त्याच्या बाहुल्या किंचित विस्फारतात व काम संपताच पूर्ववत होतात. हा विस्तार त्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो व बहुधा त्याच्या ध्यानातही येत नाही. काम जितके अवघड तितका विस्तार अधिक, असा संबंध एका मर्यादेपर्यंत आढळतो. याच संबंधावर ही पद्धती आधारलेली आहे.

शारीरिक श्रमांचे मापन तुलनेने सोपे आहे. ओझे वाहणाऱ्याचा प्राणवायूचा वापर व नाडीचे ठोके वाढतात आणि ते मोजता येतात. मानसिक श्रमांचे तसे नाही. शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सु. २० टक्के ऊर्जा विश्रांतीच्या वेळीही मेंदू वापरतो. अवघड गुणाकार करीत असताना या वापरात पडणारी भर इतकी अल्प असते, की श्वसनाच्या मोजणीवरून ती ओळखता येत नाही. दमलो, हे मनुष्य स्वतः सांगतो. परंतु त्याचे सांगणे आणि त्याला कामावर ठेवणाऱ्याचे म्हणणे यांत अंतर पडले, तर निवाडा कशाच्या आधारे करावयाचा, हा प्रश्न उरतो. हा प्रश्न मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांपुरता मर्यादित नव्हता. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, वरळी या कापडगिरण्यांच्या भागात, बाहुलीमापनाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी त्यावर मोठा संघर्ष झाला होता.

गिरणगावातील कामाचा बोजा : मुंबईच्या गिरण्यांत एका विणकराने दोन माग सांभाळावेत आणि सूतकताईच्या खात्यातील कामगाराने यंत्राची एक बाजू पाहावी, असा सर्वसाधारण प्रघात होता. १९२० नंतरच्या मंदीत मालकांनी 'कार्यक्षमता पद्धती' आणली. ससून समूहाच्या गिरण्यांत विणकराकडे तीन माग व कताई कामगाराकडे दोन बाजू देण्यास सुरुवात झाली. लँकाशरमधील विणकर चार माग चालवितो, हा मालकपक्षाचा आवडता दाखला होता. तेथील सूत, यंत्रे व हवा यांतील फरक कामगारपक्ष दाखवून देत असे. या पद्धतीस झालेला विरोध हे १९२८ च्या सार्वत्रिक संपाचे एक प्रमुख कारण ठरले. एप्रिल ते ऑक्टोबर असा सु. सहा महिने चाललेल्या या संपात सु. दीड लाख कामगार सहभागी होते. गिरणी कामगार युनियनची स्थापना याच संपकाळात झाली. त्यानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मजुरीचे दर व नियम यांच्याबरोबर कार्यक्षमता पद्धतीचीही चौकशी केली.

पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमात सुसूत्रीकरण व कार्यक्षमता पद्धती हे विषय अनुसूचीत घालण्यात आले. मालकास त्यांत बदल करावयाचा झाल्यास कामगारांच्या प्रतिनिधीस बदलाची रीतसर सूचना देणे आवश्यक झाले. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक शरीरक्रियाविज्ञान व औद्योगिक मानसशास्त्र यांचे विभाग निघाले. कामाच्या बोजाचा अभ्यास मात्र बहुधा कालमापनाच्या घड्याळावर विसंबून राहिला. तासाला ताण्याचे किती धागे तुटतात, एक धागा जोडण्यास किती सेकंद लागतात, धोट्यातील कांडी किती वेळा बदलावी लागते, कामगार दोन मागांमधून किती चालतो, या सर्वांची बेरीज करून उरलेला वेळ 'मोकळा' धरला जाई. या हिशेबातील उणीव उघड आहे. धागा तुटत नसतो तेव्हा विणकराचे हात रिकामे असतात, पण नजर रिकामी नसते. कोणत्या मागावर कधी धागा तुटेल, हे ठाऊक नसल्यामुळे त्याला सर्व मागांवर लक्ष ठेवावे लागते. मागांची संख्या वाढली की हे लक्ष ठेवण्याचे काम वाढते, आणि घड्याळाच्या हिशेबात नेमके तेच विश्रांती म्हणून जमा होते.

शारीरिक आधार : बाहुली हा स्वतंत्र अवयव नसून परितारिका या रंगीत पडद्याच्या मध्यभागी असलेले छिद्र आहे. परितारिकेत दोन स्नायू असतात. बाहुलीच्या कडेभोवती वर्तुळाकार असलेला स्नायू आकुंचन पावला की बाहुली लहान होते. त्याचे नियंत्रण मध्यमस्तिष्कातील एडिंगर-वेस्टफाल केंद्राकडून परानुकंपी तंत्रिकांमार्फत होते. अरीय स्नायू बाहुली मोठी करतो व तो अनुकंपी तंत्रिकांच्या अधीन असतो. झगझगीत उजेडात बाहुलीचा व्यास सु. २ मिमी. व अंधारात तरुण व्यक्तीमध्ये सु. ८ मिमी. पर्यंत असतो. परळच्या के. ई. एम्. सारख्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकून डॉक्टर पाहतात, तो प्रकाश-प्रतिक्षेप परानुकंपी मार्गाचा आहे. धोतऱ्यातील ॲट्रोपीन हे द्रव्य हा मार्ग अडविते; म्हणून धोतऱ्याच्या विषबाधेत बाहुल्या विस्फारतात. अफूने त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

मानसिक श्रमांच्या वेळी दोन्ही बाजूंनी परिणाम घडतो. एडिंगर-वेस्टफाल केंद्राचा जोर दबला जातो आणि अनुकंपी मार्गाची क्रिया वाढते. यामागे मस्तिष्क-स्तंभातील 'लोकस सेरुलियस' (शब्दशः 'निळा ठिपका') या लहानशा केंद्राचा मोठा वाटा असावा, असे मानले जाते. मेंदूच्या बहुतेक भागांना नॉरॲड्रेनॅलीन पुरवून सावधपणा टिकवून धरणे, हे या केंद्राचे कार्य होय. माकडांवरील प्रयोगांत या केंद्रातील कोशिकांची क्रिया व बाहुलीचा व्यास यांत सहसंबंध आढळला आहे (२०१६). मात्र मेंदूच्या इतर काही भागांच्या बाबतीतही तो आढळल्यामुळे बाहुली ही या एकाच केंद्राची खूण आहे, असे म्हणता येत नाही.

श्रमांमुळे होणारा विस्तार क्वचितच ०·५ मिमी. हून अधिक असतो. उजेडामुळे होणाऱ्या बदलाच्या तुलनेत तो फारच थोडा आहे. या पद्धतीच्या जवळजवळ सर्व अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

प्रयोगांचा इतिहास : भावना व वेदना यांमुळे बाहुल्या मोठ्या होतात, हे एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय शरीरक्रियावैज्ञानिकांना माहीत होते. आधुनिक संशोधनाची सुरुवात शिकागो विद्यापीठातील एकार्ड हेस यांच्यापासून झाली. एके रात्री ते अंथरुणात पडून प्राण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक चाळीत असता, तुमच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, उजेड कमी असावा, असे त्यांच्या पत्नीने म्हटले. उजेड तर पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी हेस यांनी आपले सहायक जेम्स पोल्ट यांना काही चित्रे दाखवून त्यांच्या बाहुल्यांचे निरीक्षण केले आणि १९६० मध्ये या विषयावरील पहिला निबंध प्रसिद्ध झाला. चिनी जेडचे व्यापारी गिऱ्हाइकाच्या बाहुल्यांवरून त्याची आवड ताडतात, अशी आख्यायिका हेस यांनी नोंदविली आहे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची आपल्याकडील जुनी हत्ता पद्धती हात झाकते, डोळे झाकीत नाही, हे येथे सहज आठवते. आवडत्या चित्राने बाहुली मोठी होते, तशी नावडत्या चित्राने ती लहान होते, हा हेस यांचा दुसरा दावा मात्र नंतरच्या प्रयोगांत टिकला नाही.

हेस व पोल्ट यांचा १९६४ चा निबंध मानसिक श्रमांविषयी होता. पाच व्यक्तींना त्यांनी तोंडी गुणाकार घातले : ७ × ८, ८ × १३, १३ × १४ आणि १६ × २३. प्रश्न ऐकल्यापासून बाहुली मोठी होत गेली, उत्तर हाती येण्याच्या क्षणी तिचा व्यास सर्वाधिक झाला व उत्तर सांगून होताच ती पूर्ववत झाली. सरासरी विस्तार अनुक्रमे सु. ११, ११, १८ व २२ टक्के भरला.

हे आकडे पाढे पाठ केलेल्या वाचकास अधिक बोलके वाटतील. गिरगाव-दादरच्या चाळींतून दिवेलागणीस परवचा म्हणण्याचा परिपाठ असे, तेव्हा तिसापर्यंतचे पाढे आणि त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके मुलांकडून घोकून घेतली जात. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने ८ × १३ हा गुणाकार नव्हेच. तेराच्या पाढ्यातील १०४ हे उत्तर त्याच्या जिभेवर असते. १३ × १४ मात्र दहापटींच्या पाढ्यात सापडत नाही, आणि १६ × २३ साठी त्याला तेविसाची दहापट २३० व सहापट १३८ यांची बेरीज करीत असता पहिली संख्या ध्यानात धरून ठेवावी लागते. बाहुली विस्फारते ती या 'धरून ठेवण्याच्या' कामाने. स्मरणातून आयते उचललेले उत्तर व टप्प्याटप्प्याने रचलेले उत्तर कागदावर सारखेच दिसते; डोळ्यात त्यांचा फरक पडतो. याच कारणाने, कामाची अवघडता कामात नसून काम व करणारा यांच्या संबंधात असते, हे या पद्धतीने स्पष्ट केले. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'सत्तावीस' याबरोबर 'वीस सात' असे संख्यावाचन दिल्यावरून महाराष्ट्रात जो वाद झाला, त्यातील मूळ मुद्दा, जोडाक्षरी व उलट्या क्रमाच्या संख्यानामांचा लहान मुलांवर किती भार पडतो, हाही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. सभा-संमेलनांत तो निकालात निघण्यासारखा नव्हता.

बाहुलीमापनाला शास्त्रीय साधनाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती डॅनिएल कानेमान (१९३४–२०२४) व जॅक्सन बीटी यांनी. मिशिगन विद्यापीठात त्यांनी केलेला प्रयोग १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. हनुवटी टेकवून बसलेल्या व्यक्तीस दर सेकंदाला एक याप्रमाणे तीन ते सात अंक ऐकविले जात व थोड्या विरामानंतर तिने ते त्याच क्रमाने म्हणावयाचे असत. प्रत्येक अंकागणिक बाहुली एकेक पायरी चढल्याप्रमाणे मोठी झाली, विरामाच्या वेळी विस्ताराचा कळस झाला, आणि अंक म्हणून होऊ लागताच, जणू एकेक ओझे उतरावे तशी, ती पायरीपायरीने लहान होत गेली. ऐकलेल्या प्रत्येक अंकात एक किंवा तीन मिळवून उत्तर सांगावयाचे, असे काम दिल्यास विस्तार याहून अधिक होई. तीन मिळविण्याच्या कामात पहिल्या पाच सेकंदांत बाहुलीचे क्षेत्रफळ सु. ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडीचे ठोके मिनिटास सु. सातने वाढतात, असे कानेमान यांनी पुढे नमूद केले. त्यांची आणखी एक आठवण उद्‌बोधक आहे. प्रयोगातील व्यक्तीच्या डोळ्याचे चित्र बाहेर पडद्यावर दिसत असे. प्रयोगांच्या मधल्या वेळात ती व्यक्ती गप्पा मारीत असता बाहुली विस्फारलेली दिसेना. सामान्य संभाषणाला दोनतीन अंक ध्यानात धरण्यापेक्षा अधिक श्रम पडत नाहीत, हे यावरून त्यांच्या ध्यानात आले. कोणी काम मध्येच सोडून दिले, तर तेही बाहुली एकाएकी लहान झाल्यावरून त्यांना बाहेर बसून कळे. १९७३ मध्ये कानेमान यांनी अवधान व श्रम या विषयावरील ग्रंथात मनाची श्रमशक्ती मर्यादित असते व एकाच वेळी चाललेल्या कामांत ती वाटली जाते, हा सिद्धांत मांडला. ते पुढे निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासाकडे वळले व २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

मर्यादा : श्रम वाढत गेले म्हणजे बाहुली अखंड मोठी होत जाते, असे नाही. स्मरणाच्या आवाक्यापलीकडे अंक ऐकविले, तर विस्तार थांबतो आणि काही प्रयोगांत बाहुली लहानही होऊ लागते. म्हणजे लहान बाहुलीचे दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवतात : काम हातचा मळ आहे, किंवा करणाऱ्याने आशा सोडली आहे. सिल्व्हिया अहर्न व बीटी यांनी १९७९ मध्ये असे दाखविले, की बुद्धिमत्तेच्या कसोटीत अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाहुल्या त्याच गुणाकारांत कमी विस्फारतात. तेव्हा दोन माणसांच्या बाहुल्यांची तुलना करून कोण अधिक झटून काम करतो, हे ठरविणे धोक्याचे आहे. एकाच माणसाची दोन कामांतील तुलना त्यामानाने विश्वसनीय असते, आणि तीही पुष्कळ वेळा मोजून काढलेल्या सरासरीची.

वयोमानाने बाहुल्या लहान होतात. मधुमेहात व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची हालचाल मंदावू शकते. जवळच्या वस्तूवर नजर रोखली की त्या आकुंचन पावतात. अनपेक्षित आवाज, भीती, वेदना यांनी विस्फारतात. पडद्यावरील चित्र थोडे अधिक उजळ झाले, तरी त्याचा परिणाम श्रमांच्या परिणामाला झाकून टाकतो. म्हणून प्रयोगात कामापूर्वीचा व्यास आधाररेषा म्हणून घेतात, प्रश्न शक्यतो ऐकवितात, पापणी मिटल्याच्या नोंदी वगळतात व उजेड काटेकोरपणे स्थिर राखतात. आपल्याकडे आणखी एक अडचण होती. गडद तपकिरी परितारिका व काळी बाहुली यांची सीमारेषा साध्या छायाचित्रात नीट उमटत नाही. घाऱ्या किंवा निळ्या डोळ्यांची व्यक्ती छायाचित्रास सोयीची ठरे. अवरक्त प्रकाशात ही अडचण दूर होते. कारण परितारिकेतील रंगद्रव्य हा प्रकाश फारसा शोषून घेत नाही, त्यामुळे गडद डोळ्यातही ती फिकट दिसते व बाहुली काळीभोर उठून दिसते. शिवाय हा प्रकाश डोळ्याला दिसत नसल्यामुळे त्याने बाहुली लहान होत नाही. सेकंदाला ६० पासून १,००० पर्यंत प्रतिमा टिपणारे अवरक्त कॅमेरे आज वापरात आहेत.

लक्ष ठेवण्याचे काम : गिरणीतील प्रश्नाशी अधिक निकटचे संशोधन १९८० च्या सुमारास पुढे आले. दीर्घकाळ एकसुरी संकेत ऐकत राहून त्यांतील वेगळा संकेत ओळखावयाचा, अशा कामात जसजसा वेळ जातो, तसतशा चुका वाढतात. अशा कामात प्रत्येक संकेतामागे होणारा बाहुलीचा क्षणिक विस्तार उत्तरोत्तर घटत जातो, आधाररेषा मात्र फारशी बदलत नाही, असे बीटी यांना १९८२ मध्ये आढळले. हात न हलविता केवळ लक्ष ठेवणे हे काम आहे आणि त्याचा थकवा येतो, याचा शरीरावरील पुरावा अशा रीतीने मिळाला. त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सु. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक करून बहुतेक गिरण्या बंद पडल्या. मागांच्या संख्येच्या वादात हा पुरावा उपयोगी पडण्यापूर्वीच वादाची जागा नाहीशी झाली. तसेही मागखात्यात हे मापन शक्य नव्हते. तेथे विणकर सतत फिरता असे, त्याची नजर जवळून दूर व उजेडातून सावलीत जात असे, आणि तेथील गोंगाट एकटाच बाहुल्या विस्फारण्यास पुरेसा होता. गोंगाटात बोलणे ऐकून समजण्यास किती श्रम पडतात, याचे बाहुलीद्वारे मापन नेदर्लंड्समधील संशोधकांनी १९९० नंतर सुरू केले. श्रवणयंत्रांच्या परीक्षणात त्याचा आता उपयोग होतो. पेंग येत असता अंधारात बाहुलीचा व्यास संथपणे कमीजास्त होत राहतो, यावर आधारलेली निद्राळूपणाची चाचणी जर्मनीत तयार झाली आहे.

कार्यालयातील उपयोग : लोअर परळच्या फिनिक्स, कमला इ. गिरण्यांच्या आवारांत आता दुकाने व कार्यालये आहेत. येथील कर्मचारी स्थिर उजेडात, ठराविक अंतरावरील पडद्याकडे पाहत बसलेला असतो आणि पडद्यावर बहुधा कॅमेरा असतोच. मागखात्यात ज्या गोष्टी मापनाच्या आड येत होत्या, त्यांपैकी बहुतेक येथे नाहीत. साध्या कॅमेऱ्याने गडद डोळ्यांतील ०·१ मिमी. चा फरक टिपणे अद्याप बिनचूक होत नसले, तरी त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत. यूरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या २०२४ च्या कायद्याने कामाच्या जागी कर्मचाऱ्यांच्या भावना यंत्राद्वारे ताडण्यास, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, मनाई केली व ही तरतूद फेब्रुवारी २०२५ पासून अंमलात आली. मात्र थकवा व वेदना या शारीरिक अवस्था असून त्या भावनांत मोडत नाहीत, असा खुलासा त्याच कायद्याच्या प्रास्ताविकात आहे. बाहुलीवरून मोजलेले श्रम यांपैकी कोणत्या सदरात बसतात, हे त्यात सांगितलेले नाही. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात (२०२३) नोकरीच्या प्रयोजनांसाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्यास वाव ठेवलेला आहे. १९४६ च्या अधिनियमात होती तशी, कामाच्या बोजातील बदलाची आगाऊ सूचना प्रतिनिधीस देण्याची तरतूद त्यात नाही.